जुन्या धाटणीच्या मॅन्युअल लेन्सने घुमणारं बॅकग्राउंड : नवख्यांसाठी पहिल्यापासून

मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडचा तोच तो ब्लर बघून कंटाळलेले बरेच जण हल्ली जुन्या मॅन्युअल लेन्सकडे वळतात, आणि वळावंच, पण होतं काय की लेन्स येते, कॅमेऱ्यावर चढते, अपर्चर (लेन्सच्या आतलं, लहान-मोठं होणारं उजेडाचं भोक) पूर्ण उघडून पाच-पन्नास फोटो निघतात आणि मग माणूस म्हणतो यात वेगळं काय आहे, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सपेक्षा जरा जास्त ब्लर, बास. ते गरगर फिरणारं बॅकग्राउंड कुठाय, ते चमकत्या कडांचे बुडबुडे कुठायत? बहुतेक वेळा लेन्समध्ये बिघाड नसतो. या लेन्सचा स्वभाव ठराविक परिस्थितीतच बाहेर येतो आणि ती परिस्थिती आपल्याला जुळवून आणावी लागते. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: जास्तीत जास्त ब्लर करायचा नाहीये. बॅकग्राउंड पार विरघळून गेलं की मागे नुसता रंगांचा धूर उरतो, आणि तो कुठल्याही लेन्सने सारखाच दिसतो. आपल्याला बॅकग्राउंड अर्धवट विरघळलेलं हवंय.

लेन्स कुठली घ्यायची

या प्रकारात सगळ्यात जास्त नाव निघतं हेलिओस ४४-२ चं. ५८ मिमी (ही फोकल लेन्थ, आकडा मोठा तितकं समोरचं जवळ दिसतं), एफ/२ (हा अपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं), सोव्हिएत युनियनमध्ये झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची, मूळ डिझाइन जर्मनीच्या कार्ल झाइस येना कंपनीच्या बायोटारचं. हिचा ब्लर मधल्या माणसाभोवती गोल घुमतो. दुसरी जात म्हणजे मायर ऑप्टिक गोर्लिट्झची ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८, आत फक्त तीन काचा, आणि ही घुमवत नाही, ही उजेडाच्या ठिपक्यांचे बुडबुडे करते ज्यांची कड मधल्या भागापेक्षा जास्त चमकते. तिसरी पेट्झव्हाल. योझेफ पेट्झव्हालने १८४० मध्ये पोर्ट्रेटसाठी केलेलं डिझाइन, मधोमध शार्प आणि कडेकडे जाईल तशी फिरकी. लोमोग्राफी कंपनीने २०१३ मध्ये हे पुन्हा बाजारात आणलं, पितळी अंग, आणि अपर्चरला रिंगच नाही, वेगवेगळ्या भोकाच्या प्लेटा वरच्या खाचेत घालायच्या. दिसायला भारी आहे, पण एक प्लेट हरवली की बसा शोधत. लेन्सबेबीची ट्विस्ट ६० आणि टीटीआर्टिझनची १०० मिमी एफ/२.८ ही पण याच घराण्यातली नवी मंडळी, म्हणजे जुना लुक पण कारखान्यातून नवीकोरी.

माझं मत विचाराल तर पहिली लेन्स हेलिओसच घ्या. खूप बनवल्या गेल्यात त्यामुळे सहज मिळते, ५८ मिमी ही लांबी घरात-बाहेर दोन्हीकडे चालते, आणि मॅन्युअल फोकसचा हात बसेपर्यंत १०० मिमी जरा त्रासच देते. नवी बनवलेली लेन्स घेतली तर बुरशी वगैरेची कटकट नाही आणि ती बऱ्याचदा थेट तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये (लेन्स बसते ती जोडणी) मिळते, हा मुद्दा पण छोटा नाही.

फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेला) कॅमेरा असेल तर उत्तम, कारण फिरकी असते कडेला आणि त्याहून लहान असलेला एपीएस-सी सेन्सर नेमकी कडच कापून टाकतो. अशा दीडपट कापणाऱ्या सेन्सरवर ५८ मिमी साधारण ८७ मिमी सारखी दिसते, पोर्ट्रेटला छान, पण घुमणं बरंच कमी होतं. नाहीच दिसत असं नाही. फोकल रिड्यूसर नावाचा काच असलेला अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधला जोड) मिळतो, तो लावला की कापलेली बरीचशी कड परत मिळते.

सेकंडहँड घेताना लेन्स हातात घ्या, अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघा. आत बारीक फांद्या फुटल्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सोडून द्या. सगळीकडे पांढुरका धुरकटपणा दिसला तर हेझ, त्याने कॉन्ट्रास्ट मार खातो. दोन-चार धुळीचे कण असतातच, त्यांनी काही होत नाही, पुढच्या काचेवर एखादा हलका ओरखडा पण चालून जातो, मागच्या काचेवरचा मात्र फोटोत दिसण्याची शक्यता जास्त. अपर्चर लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर, म्हणजे ब्लेडवर, तेल दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही: ४४-२ मध्ये ब्लेड आपण हाताने फिरवतो, स्प्रिंगने आपटत नाहीत, म्हणून थोडं तेल असलं तरी काम चालतं. फोकसची रिंग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघाच. अडकत असेल, मध्येच सैल मध्येच घट्ट लागत असेल तर नको. जड पण एकसारखी फिरत असेल तर चालेल, उलट मला जरा जड रिंगच बरी वाटते, सरकत नाही. काच पिवळी दिसली तर ते वेगळं प्रकरण असू शकतं, उदाहरणार्थ सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या बऱ्याच लेन्समध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वर्षांनुवर्षं पिवळी पडत जाते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

अडॅप्टर

हेलिओस ४४-२ एम४२ माउंटची असते, म्हणजे मागे ४२ मिमी व्यासाचे आटे, स्क्रूसारखी फिरवून बसवायची. या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, तेवढं मिळालं तरच लांबचं शार्प येतं. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात हे अंतर फार कमी असतं, सोनी ई मध्ये १८ मिमी, निकॉन झेड मध्ये १६, कॅनन आरएफ मध्ये २०, म्हणून उरलेली जागा भरायला अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी असते, आत काच नाही, बिघडण्यासारखं काही नाही. कॅनन ईएफ माउंटच्या डीएसएलआरला (आत आरसा असलेला कॅमेरा) हे अंतर ४४ मिमी आहे तर तिथे पातळ रिंग पुरते. गोची होते निकॉनच्या एफ माउंटला, तिथे ४६.५ मिमी आधीच जास्त आहे, त्यामुळे साध्या अडॅप्टरने लांबचं फोकसच होत नाही आणि काचवाला अडॅप्टर घेतला तर क्वालिटी जाते. तरी जवळचे पोर्ट्रेट निघतात म्हणा, आणि आपल्याला तेच काढायचेत.

डीएसएलआरवाल्यांनी आणखी एक बघा: फुल फ्रेम बॉडीवर काही जुन्या लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, आरशाला लागतो. पहिल्यांदा लावाल तेव्हा लाइव्ह व्ह्यू चालू करून, आरसा वर असतानाच, फोकस दोन्ही टोकांना नेऊन बघा, आणि शंका वाटली तर इन्फिनिटीच्या जरा आधीच थांबायची सवय लावा.

तुमच्याकडे ४४-२ च्या ऐवजी ४४एम च्या पुढच्या मॉडेलांपैकी एखादी आली, ४४एम-४ वगैरे, तर तिच्या मागे एक छोटी पिन असते. ती पिन दाबली गेल्याशिवाय अपर्चर बंदच होत नाही. अशा लेन्सला पिन दाबणारा, म्हणजे आतून कडा असलेला अडॅप्टर लागतो. पूर्ण उघडीच वापरणार असाल तर फरक नाही पडत, पण मागाहून डोकं खाजवण्यापेक्षा आधीच विचारून घेतलेलं बरं.

कॅमेऱ्यात काय काय बदलायचं

लेन्स लावली, बटण दाबलं, काहीच झालं नाही. कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूमध्ये रिलीज विदाउट लेन्स किंवा शूट विदाउट लेन्स अशा काहीतरी नावाचं ऑप्शन असतं, ते चालू करा. मग मोड ए (कॅननमध्ये एव्ही), म्हणजे अपर्चर तुम्ही लेन्सवर ठेवणार आणि शटर स्पीड कॅमेरा ठरवणार. स्क्रीनवर एफच्या जागी शून्य किंवा रेघा दिसतील, दिसू द्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या छोट्या डीएसएलआरवर अशा लेन्सबरोबर उजेड मोजणारा मीटर चालत नाही, तिथे एम (सगळं हाताने ठरवायच्या) मोडमध्ये एक फोटो काढा, हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-काळोखाचा आलेख, बघा, सुधारा, असं करावं लागतं, दहा मिनिटांत सवय होते.

कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेन्थ हाताने भरा, ५८ नसेल तर जवळचा आकडा. हे राहिलं तर कॅमेरा चुकीच्या हिशोबाने सेन्सर हलवतो आणि हात स्थिर असून पण फोटो हलल्यासारखा येतो. माणसांचे फोटो असतील तर ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) लावून कमीत कमी शटर स्पीड १/१२५ किंवा १/२५० ठेवा. रॉ (सेन्सरची कच्ची मूळ फाइल) मध्ये काढा. फोकस पीकिंग (स्क्रीनवर शार्प भागावर रंगीत ठिपके दाखवणारी सोय) चालू करा, आणि फोकस मॅग्निफाय, म्हणजे स्क्रीनवरचा भाग मोठा करून दाखवणारं फंक्शन, एखाद्या बटणावर असं बसवा की अंगठ्याला न बघता सापडेल. हे बटण तुम्ही शटरच्या खालोखाल दाबणार आहात.

दोन रिंगांची गंमत

४४-२ वर अपर्चरच्या दोन रिंगा असतात आणि इथे नवा माणूस हमखास अडखळतो. एक रिंग कटकट आवाज करत आकड्यांवर थांबते, ही फक्त हद्द ठरवते. दुसरी बिनआवाजाची, ती पूर्ण उघड्यापासून त्या ठरवलेल्या हद्दीपर्यंत ब्लेड खरोखर फिरवते. म्हणजे तुम्ही कटकट रिंग ८ वर ठेवली आणि दुसरी रिंग हललीच नाही तर लेन्स अजून एफ/२ वरच आहे. उलटं पण होतं, दुसरी रिंग चुकून बंद बाजूला गेलेली असते आणि फोटो काळे, ब्लर गायब, आणि माणूस मेनूमध्ये शोधत बसतो. सोपा उपाय: कटकट रिंग २ वर आणून ठेवा. मग दुसरी रिंग कुठे जाऊच शकत नाही आणि लेन्स कायम पूर्ण उघडी राहते. पुढे हात बसला की उलटं करा, कटकट रिंग १६ वर, आणि दुसरी रिंग हवी तिथे थांबवायची, मधल्या कुठल्याही जागी.

फिरकी येते कुठून

वाचून सोडून देऊ नका, लेन्स हातात घेऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अपर्चर पूर्ण उघडा, खिडकीसमोर हात लांब करून धरा आणि सरळ समोरून आरपार बघा. गोल उजेडाचं भोक दिसेल. आता लेन्स हळूहळू तिरकी करा. भोक दोन्ही बाजूंनी चेपत जातं आणि डोळ्याच्या आकाराचं होतं, दोन्हीकडे टोकं निघालेलं, कारण एका बाजूने पुढच्या काचेची कड उजेड अडवते आणि दुसऱ्या बाजूने मागच्या काचेची. फोटोत मध्यभागापासून लांब असलेला प्रत्येक उजेडाचा ठिपका असाच तिरका येतो, त्यामुळे तो त्या चेपलेल्या आकाराचा पसरतो, आणि प्रत्येकाची लांब बाजू मध्याला वळसा घालणारी असते. असे शेकडो ठिपके एकत्र आले की डोळ्याला वर्तुळं दिसतात. त्यात कडेच्या काचेचे बाकीचे दोष, अ‍ॅस्टिग्मॅटिझम आणि फील्डचा बाक, भर घालतात आणि ठिपके आणखी ओढले जातात.

आता तसंच तिरकं धरून अपर्चर ४ वर आणा. भोक लहान झालं आणि तिरकं केलं तरी बऱ्यापैकी गोलच राहिलं, कारण आता उजेड काचांच्या कडांपर्यंत जातच नाही. म्हणजे एफ/४ वर फिरकी जवळपास संपली. कोणी सांगितलं की जरा बंद करून काढ शार्प येईल तर ते खरं आहे, पण ज्यासाठी लेन्स घेतली ते पण जाईल. एफ/२ ते एफ/२.८, बास.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. मधोमध फिरकी नसते, कधीच नसते. म्हणून सब्जेक्ट मध्याच्या आसपास ठेवा आणि कडा बॅकग्राउंडसाठी मोकळ्या सोडा. एरवी फोटोग्राफीत चेहरा एक-तृतीयांशावर ठेव असं सांगतात, इथे ते विसरलेलं बरं, चेहरा कडेला नेला की तो मऊ पण पडतो आणि वर्तुळाचा मध्य रिकामा राहतो.

अंतरांचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा, खरी मेख इथे आहे. ५८ ला २ ने भागलं की २९. म्हणजे अपर्चर पूर्ण उघडल्यावर लेन्सचं भोक, समोरून दिसतं ते, २९ मिमी रुंद. खूप लांबच्या उजेडाच्या ठिपक्याचा फोटोत जो गोळा होतो तो बरोबर एवढा मोठा दिसतो, सब्जेक्टच्या जागी २९ मिमीची चकती धरल्यासारखा. लांबचा म्हणजे अगदी लांबचा. जवळच्या बॅकग्राउंडला तो त्याच प्रमाणात लहान होतो. समजा माणूस तुमच्यापासून दीड मीटरवर आहे. मागचं झाड तुमच्यापासून ३ मीटरवर असेल तर गोळा निम्मा, साधारण १४-१५ मिमी. झाड ६ मीटरवर असेल तर पाऊण, २२ मिमी. १५ मीटरवर असेल तर २६. बघा, ३ वरून ६ ला जाताना केवढा फरक पडला आणि ६ वरून १५ ला जाताना किती थोडा. एका मर्यादेनंतर बॅकग्राउंड लांब नेऊन काही मिळत नाही, उलट नुकसान होतं, कारण लांबची पानं फ्रेममध्ये बारीक होत जातात आणि गोळा तेवढाच राहतो, म्हणजे एका गोळ्यात दहा पानं मिसळतात आणि सगळं सपाट हिरवं.

आता तुम्ही माणसाच्या किती जवळ जाताय ते बघा. लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होते. तेवढ्या जवळून फुल फ्रेमवर फ्रेमची लांब बाजू जेमतेम पाव मीटरच्या आसपास भरते, त्यात २९ मिमीचे गोळे म्हणजे एकेक गोळा फ्रेमच्या दहाव्या भागाहून मोठा, सगळं वितळलं, फिरकी शोधून सापडणार नाही. दीड मीटरवर लांब बाजू ९० सेंमी होते, उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस, आणि गोळा फ्रेमचा तिसावा भाग. ही खरी जागा. तीन मीटरवर फ्रेम १.८ मीटर आणि गोळा साठाव्या भागाएवढा, म्हणजे बॅकग्राउंड जरासंच मऊ, गर्दी जास्त वाटते, फिरकी असते पण नुसती कुरकुर करते.

म्हणून सुरुवात अशी करा: माणूस दीड ते अडीच मीटरवर, बॅकग्राउंड त्याच्या मागे तीन ते सहा मीटर. मग तुम्ही एक पाऊल पुढे-मागे व्हा, मग माणसाला एक पाऊल पुढे-मागे करा, आणि दर वेळी स्क्रीनवर चेहरा न बघता फक्त कडांकडे बघा. ज्या जागी पानं पानंच वाटतात पण मोजता येत नाहीत, ती जागा.

बॅकग्राउंड शोधायचं कसं

मोकळं आकाश, रंगवलेली भिंत, गवताचं मैदान, यावर फिरकी दिसणारच नाही, फिरवायला काही ठिपकेच नाहीत. लागतं काय, तर बारीक बारीक तुकडे, काही उजळ काही काळपट, पानांच्या मधून मधून दिसणारा उजेड, जाळीचं कुंपण, वेल, लहान फुलांचं झुडूप, रात्री दिव्यांच्या माळा. पानांच्या मागे सूर्य खाली आलेला असेल, सकाळी किंवा संध्याकाळी, तर प्रत्येक फट एक ठिपका होते. आणि हे तुकडे फ्रेमच्या चारी बाजूंना हवेत. खालच्या अर्ध्यात नुसता रस्ता आला तर वर्तुळ अर्धवट तुटतं, मग थोडं खाली बसून काढा, रस्ता निघून जातो आणि मागे झाडं भरतात.

माणसाला उभं करण्याआधीच हे बघून घ्यायची एक सोपी रीत आहे. फोकस रिंग दीड-दोन मीटरवर लावा, तिथे समोर कोणी नसू दे, आणि व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढता हळूहळू चौफेर फिरा. सगळं आउट ऑफ फोकस दिसेल, आणि नेमकं तेच बघायचंय, फोटोत बॅकग्राउंड असंच येणार आहे. डोळ्याला भिकार वाटणारं एखादं वाळकं झुडूप यातून झकास दिसतं आणि बागेतला सुंदर कोपरा अगदीच मिळमिळीत. जागा सापडली की मग माणसाला बोलवा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरच्या डीएसएलआरवर मात्र हे लाइव्ह व्ह्यूमध्येच करा, कारण नव्या कॅमेऱ्यांचे फोकसिंग स्क्रीन एफ/२ चा खरा ब्लर दाखवत नाहीत, एफ/२.८ च्या आसपासचा दाखवतात. फोकस पण त्यामुळेच चुकतो.

फोकस

दीड मीटरवर एफ/२ ला सगळी मिळून साधारण ८ सेंमी खोली शार्प येते. अर्ध्या मीटरवर १ सेंमीपेक्षा पण कमी, म्हणजे पापणी शार्प तर कान गेला. तीन मीटरवर ३० सेंमीच्या वर, तिथे निवांत. पीकिंगवर डोळे झाकून विसंबू नका, या लेन्स पूर्ण उघड्या असताना जरा मऊ असतात, पीकिंगचे रंगीत ठिपके कधी उगाच येतात कधी येतच नाहीत, त्याचा उपयोग जवळपास पोहोचायला. शेवटचं काम मॅग्निफाय करूनच.

करायचं असं: जवळच्या डोळ्यावर मॅग्निफाय करा, रिंग फोकसच्या थोडी पलीकडे न्या, मग अलीकडे आणा, अशी दोनदा ओलांडली की मधली जागा बोटांना कळते. तिथे रिंग सोडा. यापुढे रिंगेला हात लावायचा नाही, कोपर बरगड्यांना टेकवा, एक पाय पुढे ठेवा आणि अंग अगदी थोडं पुढे-मागे झुलवत डोळा शार्प झाला की बटण. लागोपाठ तीन-चार फोटो घ्या, माणूस पण श्वास घेतो, तुम्ही पण, एखादा बरोबर बसतो. हलतं मूल किंवा प्राणी असेल तर रिंग एका अंतरावर लावून ठेवायची आणि तो त्या अंतरात येईल तेव्हा दाबायचं, त्याच्या मागे रिंग फिरवत राहिलात तर हाताला फक्त व्यायाम.

उजेड

भर उन्हात आयएसओ १०० वर एफ/२ ला शटर १/६४०० च्या आसपास जातं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला संपतं. मग फोटो पांढरेफट्ट. इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, नाहीतर एनडी८ फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा, तो उजेड तीन स्टॉप, म्हणजे आठपट, कमी करतो, म्हणजे १/८०० वर आलात. ४४-२ चा फिल्टरचा आटा ४९ मिमी आहे. किंवा सरळ सावलीत जा, माणूस सावलीत आणि मागे उजळ पानं, मी तरी हेच करतो.

जुन्या काचेवरचं कोटिंग साधं असतं, सूर्य फ्रेमच्या जवळ आला की सगळ्यावर पांढरट पडदा येतो. काहींना तो आवडतो. नको असेल तर हूड लावा, हूड नसेल तर डावा हात लेन्सच्या वर सावली पडेल असा धरा आणि स्क्रीनवर बघत हलवा, एका जागी कॉन्ट्रास्ट खटकन परत येतो. उजेड मागून असला की कॅमेरा चेहरा काळा करतो, एक्सपोजर +०.७ किंवा +१ करा.

बुडबुडे

ट्रायोप्लानसारख्या लेन्सचं तंत्र जरा उलटं. इथे मागे काळोख हवा आणि त्यात मोजके, छोटे, चमकणारे ठिपके: दवाचे थेंब, ओल्या पानांवरचं ऊन, लांबचे दिवे. सब्जेक्ट लहान घ्या, एखादं फूल, गवताचं पातं, आणि जवळून काढा, कारण इथे गोळे मोठेच हवेत. ठिपके जास्त झाले तर बुडबुडे एकमेकांवर चढून चिखल होतो. अपर्चर पूर्ण उघडंच. एक बारकावा असा की चमकती कड फक्त सब्जेक्टच्या मागच्या ठिपक्यांना येते, पुढच्या ठिपक्यांचे गोळे मऊ कडांचे येतात, म्हणून चमकणाऱ्या गोष्टी मागेच राहतील अशा बाजूने उभे राहा.

पुठ्ठ्याचा गोल कापून मध्ये बदाम किंवा चांदणीचं भोक पाडून लेन्ससमोर लावला की गोळे त्याच आकाराचे होतात, हे पोरांना फार आवडतं. भोक २९ मिमीपेक्षा लहान हवं नाहीतर आकार उमटत नाही, १५ मिमी ठीक, पण तेवढ्याने लेन्स साधारण एफ/४ होते हे लक्षात ठेवा.

कॉम्प्युटरवर

फार काही नाही. कॉन्ट्रास्ट आणि ब्लॅक जरा वाढवा, या लेन्सना ते लागतं. कोपरे काळपट आले असतील तर ते उजळू नका, त्यानेच नजर मध्याकडे जाते. डोळ्यांवर ब्रशने थोडं शार्पनिंग करा, सगळ्या फोटोवर केलंत तर गोळ्यांच्या कडा कडक होऊन बॅकग्राउंड टोचायला लागतं. क्लॅरिटीचा स्लायडर पण तेच करतो, बॅकग्राउंडवर उणे केला तर उलट छान दिसतं. आणि क्रॉप शक्यतो करूच नका, चेहरा मोठा दिसावा म्हणून चारी बाजू कापल्या की फिरकी होती तो भागच कचऱ्यात जातो, त्यापेक्षा काढतानाच अर्धं पाऊल पुढे या.